कोपऱ्यातली रिकामी चौकट

घासाघिशीत मला आयुष्यात एकाच माणसाने हरवलं, आणि तेही घासाघीस न करता.

माझं नळ, रंग, कुलपं, कडीकोयंडे यांचं दुकान. मी किंमत सांगतो ती गिऱ्हाइकाने खाली ओढावी म्हणून. त्याने "लुटता का राव" म्हणावं, मी "मग तुर्भ्याला होलसेलमध्ये जा" म्हणावं, त्याने पायरी उतरावी, मी मागून हाक मारावी. या सगळ्यात दोघांचाही वेळ बरा जातो आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं. हे गृहस्थ पहिल्यांदा आले ते मोजपट्टी घ्यायला, ती डबीत गुंडाळून जाणारी लोखंडी. मी किंमत सांगितली. त्यांनी दिली, पट्टी खिशात टाकली आणि चालू पडले. मी गल्ल्यापाशी पाकीटमारासारखा उभा राहिलो. पुढच्या खेपेला खिळे घ्यायला आले, तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला मी पहिल्याच तोंडाने वाजवी किंमत सांगून मोकळा झालो. त्यांनी मला सुधारलं असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, त्यांनी माझा धंदा नासवला.

मोजपट्टी कशाला हवी होती ते दुसऱ्या आठवड्यात कळलं. दुकानासमोरच्या बस स्टॉपच्या भिंतीवर चार पानांचं एक साप्ताहिक चिकटवलेलं होतं आणि लोक माना वर करून वाचत होते. रस्त्यात पडलेल्या खड्ड्याची बातमी होती, आणि त्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली दिली होती. त्या वेळी मला हसू आलं. पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं, "काका, 'मोठा खड्डा' असं लिहिलं तर लोकांना समजत नाही का?"

"मोठा म्हणजे कोणाच्या मानाने? तुझ्या की माझ्या?" ते म्हणाले. "साहेब म्हणणार, छोटा आहे. मग मी पट्टी दाखवणार."

त्या साप्ताहिकाचं नाव 'शेजार'. संपादक तेच, बातमीदार तेच, छापून झाल्यावर गठ्ठे उचलणारे आणि भिंतीवर चिकटवणारेही तेच.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझे वडील साताऱ्याकडून आलेले, मुंबईच्या घाऊक मार्केटात पोती वाहणारे. कोपरखैरण्यात त्यांना घर मिळालं आणि आम्ही खाडी ओलांडून इकडे आलो. मी हातगाडीवर नळाच्या तोट्या विकायला सुरुवात केली आणि बस स्टॉपजवळच्या पत्र्याच्या शेडच्या ओळीत दुकान मिळवलं. मिळवलं म्हणजे भांडून मिळवलं. मला आजवर कुठलीच गोष्ट न भांडता मिळालेली नाही. चहूकडे सारखी घरं, सारखे दरवाजे. पत्ता म्हणजे सेक्टर आणि आकडा. कोण कुठला, कोणालाच ठाऊक नाही. कोणी दाराची बेल वाजवली की आतून आधी "कोण?" यायचं, आणि नाव सांगितलं तरी दार उघडत नसे.

माझ्या धंद्याला मात्र ते ठीकच होतं. नवं बिऱ्हाड येतं तेव्हा आधी कुलूप घेतं, मग दूध. टेम्पोतून गाद्या उतरायच्या आत घरातला कर्ता पुरुष माझ्या दुकानात उभा असायचा. ही गोष्ट माझ्यानंतर ज्याच्या ध्यानात आली तो माणूस म्हणजे हे काका. रंगाचा एक रिकामा डबा उलटा करून ते माझ्या दुकानात एका कोपऱ्यात बसायला लागले. मी हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायचंही राहून गेलं. कुलूप घेणारा आला की डब्यावरून प्रश्न यायचा, "गाव कुठलं?"

माणूस दचकायचा. कोणाला वाटायचं साध्या वेशातला पोलीस, कोणाला वाटायचं हप्ते वसूल करणारा. मी म्हणायचो, "घाबरू नका हो, पेपरवाले आहेत." त्यावर काही जण जास्तच घाबरायचे. पण बहुतेक सांगायचे. गाव विचारलेलं आवडत नाही असा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचा आहे. मग त्या आठवड्याच्या 'शेजार'मध्ये 'नवे शेजारी' या मथळ्याखाली छापून यायचं: अमुक सेक्टरात अमुक जण आले, मूळ गाव अमुक, तालुका अमुक, मार्केटात कामाला, किंवा रबाळ्याच्या कंपनीत, किंवा शिक्षिका.

हे सदर मला अगदी फालतू वाटायचं. एकदा चिपळूणकडचा एक माणूस आला. कडी घेताना बोलता बोलता म्हणाला, की बायको तापाने पडली आहे आणि इथे तर पाणी विचारायलाही कोणी नाही. काकांनी गाव विचारलं, लिहून घेतलं. अंक भिंतीवर लागला त्याच दिवशी त्याच्याच जिन्यातली, खालच्या मजल्यावरची एक बाई पेज आणि लोणचं घेऊन वर गेली. तिचं माहेर त्याच्या गावापासून एक नदी सोडून पलीकडे. महिनाभर एकाच जिन्याने चढउतार करत होती दोन्ही घरं. तो माणूस मला हे सांगायला मुद्दाम दुकानात आला. मी त्याला एक बिजागरी फुकट दिली. फुकट द्यायची माझी सवय नव्हती. ही सगळी त्या डब्यावरच्या माणसाची संगत.

काकांची कचेरी जुन्या गावठाणात, एका आगरी बाईच्या घराला लागून असलेल्या खोलीत. बाई मासळी विकायच्या. तोंडाच्या फटकळ. काकांना सगळ्यांदेखत म्हणायच्या, "तुजा पेपर बेस हाय र काका, मासली बांदाला बरा!" काका म्हणायचे, "निदान तुझ्याकडून तो घरोघरी तरी जातो." भिंतीवर लावलेले अंक शेळ्या खायच्या, कारण खळ कणकेची. काका खळीत कडुनिंबाचा पाला उकळून घालायला लागले. मला सांगताना चेहरा एकदम गंभीर, "शेळीला दोष देऊ नये. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अंक संपवणारी वाचक तीच एक होती."

घर काकूंच्या पगारावर चालायचं. काकू शाळेत शिकवायच्या. एकदा माझ्याकडे नळाचा वायसर घ्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "यांचे दोन संसार. एक मी चालवते. दुसरा चालत नाही."

दुसरा संसार चालावा म्हणून मीच एकदा म्हटलं, काका, माझी जाहिरात छापा. त्यात उपकाराची भावना वगैरे नव्हती. बस स्टॉपवर माना वर करून वाचणारी माणसं मी रोज पाहत होतो आणि त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी कुलूप घेणारच होता. दर ठरवायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. मनात म्हटलं, आज सगळा हिशेब चुकता करतो. पहिलं पान मागितलं. ते म्हणाले, "पहिल्या पानावर बातमी." दर अर्ध्यावर आणायला सांगितलं. ते म्हणाले, "दर सगळ्यांना तोच." मी "मग राहू द्या" म्हणून उठलो आणि पायरी उतरलो. मागून हाक येणार याची खात्री होती. गावठाणाच्या वळणापर्यंत अगदी सावकाश चालत गेलो. हाक नाही. वळणावर उभा राहून विडी ओढली. तरी नाही. शेवटी मीच परत गेलो. ते मान खाली घालून प्रुफं तपासत होते. म्हणाले, "शेवटचं पान, उजवा कोपरा. ब्लॉक बनवून आण."

'घर तुमचं, कुलूप आमचं', खाली माझं नाव आणि दुकानाचा पत्ता. जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, करून घेतला. दर आठवड्याला त्या कोपऱ्यात चौकटीत ती जाहिरात यायला लागली. छोट्या छोट्या जाहिराती बाकीही असत, शिकवणीच्या, पोळीभाजीच्या डब्यांच्या. पण ठरलेली आणि वेळेवर पैसे येणारी माझीच. अंकाच्या कागदाच्या खर्चाचा मोठा भाग माझ्या चौकटीतून निघायचा. हे मी नाही, काकूंनीच मला सांगितलं होतं.

आता माझ्या तक्रारीकडे येतो.

एका उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला पाणी येणं बंद झालं. मी दोन टँकरवाल्यांशी भांडलो, एकाची कॉलर धरली आणि टँकर आणून सेक्टरच्या मधोमध उभा केला. बायकांनी हंडे भरले. माझं नाव घेऊन म्हाताऱ्यांनी आशीर्वाद दिले. मी त्या आठवड्याच्या 'शेजार'ची वाट पाहत होतो. पहिल्या पानावर बातमी आली. टँकर कुठे उभा होता, किती वेळ होता, रांग कुठवर गेली, सगळं पट्टी लावून मोजलेलं. आणि टँकर कोणी आणला? 'एका दुकानदाराने'.

मी अंक घेऊन तसाच खोलीवर गेलो. "काका, हा 'एक दुकानदार' कोण?"

"तूच."

"मग मला आईबापाने नाव ठेवलेलं नाही का?"

"तुझं नाव शेवटच्या पानावर आहे. दर आठवड्याला. पैसे देऊन छापतोस."

"तर काय झालं?"

"तेच नाव मी पहिल्या पानावर छापलं, तर वाचणारा म्हणेल, दिले असतील पैसे. मग तो टँकरही खोटा, पाणीही खोटं. ज्याची जाहिरात, त्याची बातमी नाही. बातमी आणि जाहिरात एका अंगणात नांदत नाहीत."

"म्हणजे ज्या माणसामुळे तुमचा पेपर निघतो त्याचंच नाव नाही?"

"त्याच्यामुळे निघतो म्हणूनच नाही," असं म्हणून ते परत प्रुफं बघायला लागले.

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या मासळीवाल्या बाई ओट्यावरून ऐकत होत्या. मी बाहेर पडलो तेव्हा म्हणाल्या, "तुज्या नावाचा टेन्शन घेतस कनाला? पानी तं भेटला ना लोकांना!" मी त्यांनाही दोन शब्द सुनावले. त्यांनी मला चार सुनावले.

मग आमच्या शेडच्या मागचा प्लॉट एका बिल्डरने घेतला. त्याला रस्त्याकडची दर्शनी जागा हवी होती आणि दर्शनी जागेत आमची दुकानं. थोड्याच दिवसांत आम्हाला सरकारी कचेरीची नोटीस आली, की शेड बेकायदा आहेत, जागा सोडा. आम्हाला तात्पुरती परवानगी होती, आणि पुढे पक्के गाळे बांधून देऊ असं तोंडी सांगितलेलंही होतं. पण तोंडी शब्द भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. दुकान गेलं असतं तर मी परत हातगाडीवर. तोवर बाप थकला होता, लग्न झालं होतं, घरात लहान मूल होतं. मी बाहेर ओरडत होतो, पण आतून पार खचलो होतो.

त्या संध्याकाळी काका आले. डब्यावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "या आठवड्यापासून तुझी जाहिरात बंद."

मला वाटलं, झालं, हेही बिल्डरला फितूर. मी म्हटलं, "तुम्हालाही घेतलं का त्याने विकत?"

त्यांना राग आल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही आला नाही. म्हणाले, "तुझी बातमी झाली आहे. बातमी आहे तोवर जाहिरात नाही. तो कोपरा तुझाच राहील. बातमी संपली की ब्लॉक परत लावू."

"आणि तोवर पेपरचा कागद कुठून आणणार?"

"ते मी बघतो," म्हणाले, आणि खिशातून मोजपट्टी काढून बाहेर पडले.

त्यांनी शेडची सगळी ओळ मोजली. प्रत्येक दुकानदाराशी बोलले. परवानग्यांचे कागद स्वतः वाचले. बिल्डरच्या कचेरीत गेले, त्याचं म्हणणंही लिहून घेतलं. अंक निघाला तेव्हा पहिल्या पानावर आमची आणि बिल्डरची बाजू शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या अक्षरात. माझं नाव पहिल्यांदाच पहिल्या पानावर, आडनावासकट. मी आनंदाने वाचत गेलो आणि मधल्या परिच्छेदात अडकलो. 'या दुकानाची पुढची पत्र्याची पडवी मात्र दिलेल्या हद्दीच्या दीड फूट पुढे आलेली आहे.'

माझ्या डोक्याची शीर तडकायची बाकी राहिली. मी खोलीवर जाऊन टेबलावर हात आपटला. "काका! माझ्या बाजूने लिहिताय की बिल्डरच्या?"

"पडवी पुढे आहे की नाही?"

"आहे! पण ती लिहायची असते का?"

"तू नाव छापा, नाव छापा म्हणत होतास. छापलं."

सुनावणीला आम्ही सगळे दुकानदार गेलो. साहेबांसमोर बिल्डरच्या माणसांनी जाडजूड फाईल ठेवली होती. आमच्याकडे परवानग्यांच्या जुन्या पावत्या आणि 'शेजार'चा तो अंक. साहेबांनी अंक हातात घेतला, सावकाश वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ती पडवी पुढे आलेली, तुमचीच का?"

मी म्हटलं, "हो साहेब."

"हा पेपर तुमच्या बाजूचा ना?"

"तसं वाटत नाही, साहेब," मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून बोललो.

साहेब हसले. म्हणाले, "ज्या पेपरने तुमची पडवीही सोडली नाही, त्याने परवानगीचं खोटं लिहिलं नसेल." त्यांनी शेडला हात लावायला मनाई केली आणि अंतिम निर्णय होईपर्यंत दुकानं आहेत तिथेच राहतील असं सांगितलं. बाहेर येऊन मी पहिलं काम केलं ते पडवी हातभर मागे घेण्याचं. आजही मला वाटतं की त्या पडवीनेच माझं दुकान वाचवलं. आणि आजही, ती छापली याचा राग आहे.

पण निर्णय काही येईना. तारखा पुढे पुढे जात राहिल्या. आणि इकडे 'शेजार'च्या शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, दर आठवड्याला एक रिकामी चौकट. चारही बाजूंनी काळी रेघ, आत काही नाही. मिठाईवाल्याने ती जागा मागितली. काका म्हणाले, "ती दिलेली आहे." ज्या बिल्डरची आमच्याशी लढाई, त्याने अख्ख्या पानाची जाहिरात देऊ केली. काका म्हणाले, "तुमचीही बातमी चालू आहे. त्यालाही नाही, तुम्हालाही नाही." बिल्डरला ते वेडे वाटले. त्या एका बाबतीत माझं आणि बिल्डरचं एकमत होतं.

गंमत अशी की त्या रिकाम्या चौकटीने माझा धंदा वाढला. लोक बस स्टॉपवर विचारायचे, ही जागा रिकामी का? कोणीतरी सांगायचं. मग ते माझ्या दुकानात यायचे, "ते चौकटवाले तुम्हीच ना?" छापलेल्या जाहिरातीने आली नव्हती एवढी गिऱ्हाइकं न छापलेल्या जाहिरातीने आली. मी त्या वाढलेल्या धंद्यातून काकांना काहीतरी द्यायला बघायचो. कागदाचं रीम पाठवलं, परत आलं. खोलीला रंग लावून देतो म्हटलं, नाही म्हणाले. एकदा काकूंच्या हातात पाकीट दिलं, तर काकू म्हणाल्या, "अरे, मी घेतलं तर हे आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत. तसे बोलतात असं नाही, पण तरी."

तोवर मुंबईच्या मोठ्या पेपरांनी नवी मुंबईच्या रंगीत पुरवण्या सुरू केल्या होत्या. पेपरबरोबर फुकट. शिकवणीवाले, डबेवाले, सगळे तिकडे गेले. 'शेजार' चार पानांवरून दोनवर आला. शेवटचं पान म्हणजे आता दुसरं पान. पण 'नवे शेजारी' होतं, आणि उजव्या कोपऱ्यात चौकट होती. गुडघे दुखायला लागले होते तरी काका भिंतीपाशी उभे राहून खळ लावायचे. मी दुकानातून बघायचो आणि मला संताप यायचा. माझ्याकडे पैसे आहेत, त्यांच्याकडे जागा रिकामी आहे, आणि मधे एक नियम, जो दुनियेत दुसरं कोणी पाळत नाही!

मी साहेबांच्या कचेरीत खेटे घालायला लागलो. लवकर निकाल द्या म्हणून हाताखालच्या माणसांशी भांडलो, चहा पाजला, परत भांडलो. ही घाई फक्त त्या चौकटीपायी होती असं म्हटलं तर खोटं होईल. दुकान ते दुकान. पण रात्री झोपताना मनात चौकट असायची, हे खरं.

एकदाचा निकाल आला. रस्त्यापलीकडच्या नव्या मार्केटमध्ये आम्हा सगळ्यांना पक्के गाळे. मी निकालाचा कागद एका खिशात आणि जाहिरातीचा ब्लॉक दुसऱ्या खिशात घालून गावठाणात पळत गेलो. काकांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चांगलं झालं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार होतं.

मी ब्लॉक टेबलावर ठेवला. "बातमी संपली. लावा."

"संपली नाही अजून. निकालाची बातमी यायची आहे. ती या अंकात. जाहिरात पुढच्या अंकात."

"काका, एकाच अंकात दोन्ही टाका ना. आता कोण विचारतंय?"

"मी विचारतो ना," म्हणाले, आणि ब्लॉक कागदात गुंडाळून माझ्या हातात परत दिला. "जपून ठेव."

निकालाचा अंक निघाला. पहिल्या पानावर माझं नाव, सगळ्या दुकानदारांची नावं, आणि मागे कोपऱ्यात रिकामी चौकट. पुढचा अंक निघालाच नाही. 'शेजार' जिथे छापला जायचा त्या छापखान्याच्या मालकाने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायची जुनी यंत्रं भंगारात काढली होती. नव्या यंत्रावर छापणं काकांना झेपणारं नव्हतं. हे मला छापखानेवाल्याकडून कळलं. तो म्हणाला, "मी तर त्यांना महिनाभर आधी सांगितलं होतं. हा शेवटचाच अंक म्हणून."

म्हणजे मला 'पुढच्या अंकात' म्हणाले तेव्हा त्यांना माहीत होतं.

ही माझी खरी तक्रार. एवढी वर्षं झाली, ती गेलेली नाही. एकदा, फक्त एकदा, नियम मोडला असता तर काय बिघडलं असतं? माझी जाहिरात शेवटच्या अंकात आली असती. मी काहीतरी दिलं असं मला म्हणता आलं असतं. या माणसाने माझं दुकान वाचवलं, आणि परतफेडीची एक चौकटही मला दिली नाही.

त्यानंतर ते एकदाच दुकानात आले. मी नव्या गाळ्यात गेलो होतो. तो रंगाचा डबा मी तिकडे नेला होता, तसाच उलटा ठेवला होता. ते त्यावर बसले नाहीत. गिऱ्हाइकाच्या जागी, काउंटरसमोर उभे राहिले.

"एक कुलूप दे. चांगलं."

मी काढलं. पहिल्याच तोंडाने वाजवी किंमत सांगितली, त्यांच्यासाठी सांगायचो तशी.

ते म्हणाले, "अर्ध्यात दे."

मी म्हटलं, "काका, बरं नाही का तुम्हाला?"

"याला किंमत म्हणतात? लुटतोस का लोकांना?"

"अहो, खरेदीच तेवढी आहे!"

"तू सगळ्यांना हेच सांगतोस. त्या डब्यावर बसून मी काय कान बंद करून ठेवले होते?" असं म्हणून त्यांनी कुलूप काउंटरवर ठेवलं आणि पाठ फिरवून निघाले. पायरी उतरले. सावकाश चालायला लागले, मी त्या दिवशी गावठाणात चाललो होतो तसे.

मी हाक मारली. अर्थातच मारली. "या, या! तुमचं नको, माझं नको, मधलं द्या!"

"मधलंही जास्त आहे," तिथूनच म्हणाले.

आम्ही बराच वेळ भांडलो. दुकानातली इतर गिऱ्हाइकं थांबून बघत होती. शेवटी मी कुलूप खरेदीच्याही खाली दिलं. इतका चांगला सौदा मी आयुष्यात केला नाही. पैसे गल्ल्यात टाकता टाकता विचारलं, "एवढ्या वर्षांत कधी एक शब्द बोलला नाहीत. आजच काय?"

"तेव्हा तू चार पैसे सोडले असतेस तर ते संपादकाला सोडले असते. आता मी नुसता गिऱ्हाईक आहे." मग म्हणाले, "तुझी काकू रिटायर झाली. मुलीच्या जवळ नाशिकला राहायला जातोय. नवं बिऱ्हाड आहे. कुलूप लागेल."

मी कुलूप आणि दोन्ही किल्ल्या कागदात बांधल्या. आणि मला एकदम जाणवलं की या माणसाने सगळ्या वस्तीला जे विचारलं ते त्यांना कोणीच विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही. मी विचारलं, "काका, तुमचं गाव कुठलं?"

त्यांनी पुडी खिशात ठेवली. रस्त्यापलीकडे बस स्टॉपच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीवर आता एका शिकवणीचं रंगीत पत्रक होतं आणि एक शेळी त्याचा कोपरा ओढत होती.

"कोपरखैरणे," ते म्हणाले आणि पायरी उतरून गेले. या खेपेला मी हाक मारली नाही.

जस्ताचा तो ब्लॉक अजून माझ्या गल्ल्यात आहे. तक्रारही आहे. नवं कुलूप घ्यायला कोणी आलं की मी आधी विचारतो, गाव कुठलं. माणूस दचकतो. मी म्हणतो, घाबरू नका, सांगा तर. मग मला आठवतं तसं मी सांगतो, की तुमच्याच तालुक्यातले एक जण चौथ्या बिल्डिंगमध्ये राहतात, संध्याकाळी जाऊन भेटा, माझं नाव सांगा. ते झालं की मग कुलपाची किंमत सांगतो. चढवूनच सांगतो.